तार टिकते, आवरण सुटतं

माझ्या हातातली ही सोन्याची बारीक तार, जळगावच्या सराफ बाजारात ओढली जाते तशी. मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या किंवा त्याला वीज देणाऱ्या तारेला, मग सोनंच का नको? नुसते संकेत टिपायचे असतील तर चालेल. पण विजेचा स्पंद द्यायला लागलं की शरीरातल्या क्लोराइडमुळे सोनं विरघळू लागतं. तांबं आणि चांदी तर पेशींना घातकच. म्हणून ९० टक्के प्लॅटिनम, १० टक्के इरिडियम. इरिडियमने मऊ प्लॅटिनमला ताठपणा येतो. स्पंद आधी ऋण, लगेच तेवढाच धन. स्पंदातला विद्युतभार मर्यादेबाहेर गेला की पाण्याचं विघटन होतं आणि टोकावर बुडबुडे धरतात.

धातूचं ठरवणं त्यामानाने सोपं. घात होतो तो आवरणात. ही पॅरिलीन-सी नावाच्या प्लास्टिकचा लेप लावलेली तार, थर अवघा काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचा. भिंगाखाली कड बघा: पापुद्रा उचलला गेलाय, खाली खारं पाणी शिरलंय. बोटाचा तेलकट डाग एवढ्याला पुरतो. म्हणून हातमोजे घालायचे, तार आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायची, पूर्ण सुकवायची, सिलेनचा, म्हणजे लेप धातूला चिकटवून धरणाऱ्या रसायनाचा, हात द्यायचा आणि मगच लेप.

पुढे आवरण किती टिकतं ते बघायला तार ७.४ पीएचच्या सलाईनमध्ये, म्हणजे शरीरासारख्या खाऱ्या पाण्यात, ३७ अंशांवर भिजत ठेवायची. मे महिन्यात जळगावात पारा ४४ च्या वर जातो आणि साध्या वॉटर बाथला, म्हणजे नमुना ठरावीक तापमानावर ठेवायच्या पाण्याच्या टाकीला, थंड करायची सोय नसते. खोलीच ४१ अंशांवर गेली तर आतलं पाणी ३७ वर राहणार कसं? उन्हाळ्यात ५७ अंशांची चाचणी घ्यावी. दर १० अंशांना झीज दुप्पट धरतात. म्हणजे २० अंश जास्त असताना चौपट, आणि तीन महिन्यांत वर्षभराचा अंदाज येतो. झाकण घट्ट हवं, पाणी उडालं की मीठ वाढतं.

१ किलोहर्ट्झला इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, रोज मोजायचा. हळूहळू उतरला तर आवरण गळतंय. एकदम चढला तर तार किंवा जोड तुटलाय.

काही इलेक्ट्रोड सिलिकॉनच्या सुईचे असतात. सिलिकॉनचा ताठपणा गिगापास्कलमध्ये, मेंदूचा जेमतेम काही किलोपास्कल, म्हणजे लाखो पटींनी कमी. श्वासागणिक मेंदू हलतो, कडक सुई टोचत राहते, भोवती व्रण धरतो, संकेत मंदावतात. पॉलीइमाइड या प्लास्टिकची पातळ पट्टी वाकते, म्हणून ती बरी.

पदार्थ पेशींना घातक आहे का ते बघणाऱ्या चाचणीला, म्हणजे आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीला, पाठवायचा नमुना त्याच वाटेने गेलेला हवा: तीच धुलाई, तोच लेप, तेच इथिलीन ऑक्साइड वायूचं निर्जंतुकीकरण. नुसती कोरी तार पाठवली, तर निकाल फक्त तारेचा येतो.