लांडगीण गावाला आली

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. या व्हिडिओत शकिराचं एकही गाणं ऐकू येणार नाहीये. वाजवलं की पाच मिनिटात कॉपीराइटचा स्ट्राइक येतो आणि अख्खा व्हिडिओ म्यूट, म्हणून तुम्हाला दिसणार आहे ती नदी, गल्ल्या, लोखंड आणि गर्दी, आणि ऐकू येणार आहे माझा आवाज. गाणी तुम्हाला पाठ आहेतच, मनात वाजवा.

[नदीकाठ, सकाळ. पुतळा, खालून वर]

हा शकिराचा पुतळा बघा. साडेसहा मीटर उंच. दोन्ही हात डोक्यावर, एक कंबर बाहेर, आणि घागरा असा उडालाय की वाटतं वाऱ्यानेच उडालाय. हे आहे कोलंबियामधलं बारांकिया, मागे दिसतेय ती मॅग्दालेना नदी, चहाच्या रंगाची, इथून पुढे थोड्याच अंतरावर ती कॅरिबियन समुद्राला मिळते. पुतळा २०२३ च्या डिसेंबरमध्ये बसवला. आपल्याकडे पुतळा म्हटलं की माणूस एकतर घोड्यावर नाहीतर हातात पुस्तक घेऊन, इथे गावाने आपल्या मुलीला नाचताना उभी केलीये, आणि ती जिवंत असताना. खाली सेल्फी काढणाऱ्या पोरींच्या डोक्यावर लांडग्याचे कान आहेत, हेअरबँडवाले, कारण तिच्या एका गाण्याचं नावच 'लोबा', म्हणजे लांडगीण. तारीख आहे २० फेब्रुवारी २०२५, गुरुवार. आज रात्री ती इथे गाणार आहे.

टूरचं नाव 'लास मुहेरेस या नो योरान'. बायका आता रडत नाहीत. हे नाव कुठून आलं ते बहुतेकांना माहितीये, २०२२ मध्ये फुटबॉलर जेरार्ड पिकेपासून ती वेगळी झाली, जानेवारी २०२३ मध्ये बिझाराप नावाच्या अर्जेंटिनाच्या प्रोड्युसरबरोबर तिने एक गाणं काढलं आणि त्यातल्या एका ओळीने अख्खं स्पॅनिश बोलणारं जग हलवलं. बायका आता रडत नाहीत, बायका 'फाक्तुरान'. फाक्तुरा म्हणजे बिल. बायका बिलं फाडतात हो, म्हणजे कमावतात. इंग्रजी सबटायटलमध्ये याची सगळी मजा जाते, पण मराठीत बघा कसं चपखल बसतं. त्या ओळीचा अल्बम झाला मार्च २०२४ मध्ये आणि अल्बमची टूर. आधी अमेरिकेतल्या बंदिस्त हॉलमध्ये करायची ठरली होती, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून, पण मागणी एवढी आली की ते सगळं गुंडाळून स्टेडियम घेतली आणि सुरुवात केली थेट दक्षिण अमेरिकेतून. रिओ ११ फेब्रुवारी, साओ पाउलो १३, मग पेरूची लिमा, मग हे.

कागदावर टूर रिओत सुरू झाली. मी ते मानत नाही. का ते बघा.

[जुना लाकडी-काँक्रीटचा धक्का, समुद्रात गेलेला, मधे तुटलेला]

हा धक्का बारांकियाच्या शेजारच्या पुएर्तो कोलंबियाचा, १८९३ चा. मधला भाग कोसळलाय, पण एके काळी युरोपातून येणारी जहाजं इथे लागायची. त्या जहाजांतून लेबनॉन, सिरिया, पॅलेस्टाइनची माणसं उतरली, हातात ऑटोमन साम्राज्याचे कागद, म्हणून इथले लोक सरसकट सगळ्यांना 'तुर्को' म्हणायला लागले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बिचारे तुर्कांपासून पळून आलेले आणि नाव पडलं तुर्क. कापडाची दुकानं टाकली, सोन्याचांदीची टाकली. आज बारांकियात कोपऱ्यावरच्या टपरीत जो 'किबे' तळतात ना, दळलेला गहू आणि खिमा, दोन्हीकडे निमुळता, आपल्या कबाबाचा लांबचा चुलतभाऊ, तो लेबनॉनचा. विचारलं तर टपरीवाला सांगेल आमच्या गावचाच आहे.

शकिराचे वडील विल्यम मेबाराक याच लेबनीज वंशातले, आई निदिया रिपोल इथली. पोरगी जन्मली २ फेब्रुवारी १९७७ ला. चार वर्षांची असताना वडील तिला एका अरबी हॉटेलात घेऊन गेले, तिथे दरबुका, म्हणजे अरबी ढोल, वाजत होता आणि ही टेबलावर चढून नाचायला लागली. ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितलीये की बारांकियाच्या पोरांनाही पाठ असेल. शाळेत मात्र गाण्याच्या ग्रुपमधून काढलं होतं, आवाज बकरीसारखा येतो म्हणून. बाई कोण होत्या काय माहिती, पण आज कुठल्या तरी स्टँडमध्ये बसल्या असतील तर मला बघायचंय.

आणि एक गोष्ट. तिचं पहिलं गाणं, म्हणजे स्वतः लिहिलेलं, ते आठव्या वर्षाच्या आसपासचं, आणि ते वडिलांच्या काळ्या चष्म्यावर आहे. तिचा एक सावत्र भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि वडील नंतर कितीतरी दिवस घरातही काळा चष्मा लावून बसायचे, डोळे दिसू नयेत म्हणून. हे डोक्यात ठेवा, चष्मा पुढे येणार आहे.

मग वडिलांचा धंदा बुडाला. घरातलं सामान विकलं, रंगीत टीव्ही जाऊन ब्लॅक अँड व्हाइट आला. पोरगी रुसली तर वडील तिला बागेत घेऊन गेले आणि तिथे राहणारी अनवाणी पोरं दाखवली, डिंक हुंगत बसलेली. पुढे जो अल्बम खरा चालला, १९९५ चा, त्याचं नाव 'पिएस देस्काल्सोस', अनवाणी पाय. त्याच नावाची संस्था काढून तिने शाळा बांधल्या, याच गावातसुद्धा. आधीचे दोन अल्बम आपटले होते, तो भाग सोडून देऊ.

[कार्निव्हलचा सराव. मुखवटे, ढोल]

इथे मी मुद्दाम थांबलोय. एडिटरने दोनदा सांगितलं की हा तुकडा लांबलाय, मी कापू दिला नाही.

हा लांब नाकाचा, हत्तीसारख्या कानांचा मुखवटा म्हणजे मरिमोंदा, कार्निव्हलमधला गावगुंड-विदूषक. हे अंगाला काळा रंग फासून जीभ बाहेर काढणारे 'सोन दे नेग्रो'वाले, नदीकाठच्या गावांतले. ही मेणबत्त्या हातात घेऊन घागरा फिरवणारी बाई कुम्बिया करतेय, पाय बघा, ती पाऊल उचलतच नाहीये, जमिनीवरून घासत नेतेय आणि सगळं काम कंबर करतेय. आणि हा मापाले, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा, मासा जमिनीवर पडल्यावर तडफडतो तसा. आता तुमच्या डोक्यात वाजत असलेलं तिचं कुठलंही गाणं यावर ठेवून बघा. जमलं ना? लोक म्हणतात शकिरा बेली डान्स करते. अर्धंच खरंय ते. वरचा भाग बैरुतचा आहे, खालचा भाग या गल्लीचा आहे. २०२० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, तिने कॅमेऱ्यात बघून जीभ हलवत ललकारी दिली आणि अमेरिकेत मीमचा पाऊस पडला, पण बारांकियात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, एकाने म्हटलं अरबी बायकांची लग्नातली ललकारी, दुसरा म्हणाला सोन दे नेग्रो, आणि दोघं बरोबर.

जाता जाता आपलंही सांगतो. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अवॉर्ड सोहळ्यात तिने 'हिप्स डोन्ट लाय', ते कंबरेचं गाणं, हिंदी सिनेमाच्या ढंगात केलं होतं, नाच बसवला होता फराह खानने. आणि २५ मार्च २००७ ला ती मुंबईत होती, बीकेसीत, एमएमआरडीए ग्राउंडवर. रविवार होता. दोनच दिवस आधी आपण वर्ल्ड कपमध्ये श्रीलंकेकडून हरलो होतो, अख्ख्या शहराला सुतक लागल्यासारखं, नाक्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी अकरावीत. तिकिटाचा प्रश्नच नव्हता. मी आणि मावसभाऊ कुर्ल्याच्या बाजूने जेवढं जवळ जाता येईल तेवढं गेलो आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. दिसलं काहीच नाही, ढगांवर लाईट हलत होते, बेसचा दणका तेवढा पोटात लागत होता आणि मधेच वाऱ्याबरोबर आवाजाचा एक तुकडा यायचा. शेजारी एक भेळवाला होता, तो म्हणाला, "बाईचा आवाज खणखणीत आहे." तीनच दिवसांनी ती गिझाच्या पिरॅमिडसमोर गात होती. टूर म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं.

[स्टेडियम. जाळीतून घेतलेले शॉट. क्रेन, ट्रस, हेल्मेट घातलेले कामगार]

आता लोखंड. याचं फुटेज आमच्याकडे भरपूर आहे कारण जाळीच्या बाहेरून शूट करायला कोणी अडवत नाही.

एस्तादिओ मेत्रोपोलितानो, कोलंबियाची फुटबॉल टीम मॅच इथे खेळते, उकाड्याने पाहुणी टीम अर्धमेली होते म्हणून. त्याच उकाड्यात ही माणसं वर चढलीयेत. स्टेजचं छप्पर म्हणजे ऊन-पावसासाठी घातलेला मांडव नसतो, सगळं त्याला टांगलेलं असतं. स्क्रीन, लाईटच्या रांगा, स्पीकरच्या माळा, हे सगळं मोटर लावलेल्या साखळ्यांनी वर ओढतात. प्रत्येक साखळीवर किती वजन येणार याचा हिशोब आधी झालेला असतो. कॅमेऱ्यात दिसतोय हा कामगार एकच काम करतोय, नट आवळतो, पान्याने ठोकून आवाज ऐकतो, पुढच्यावर जातो. सत्तावीस वेळा. मी मोजलं. मोठ्या टूरमध्ये लोखंडाचे एकापेक्षा जास्त सेट असतात, एक गाव वाजत असतं तेव्हा पुढच्या गावात सांगाडा उभा राहत असतो, आणि आवाज-लाईट-स्क्रीन मात्र गाणारीच्या मागोमाग रात्रीतून निघतात. आपल्याकडे जत्रेच्या सीझनला तमाशाचा फड गाव बदलतो ना, पहाटे राहुटी सोडायची आणि संध्याकाळी दुसरीकडे पडदा वर, तेच. फक्त ट्रक जास्त.

लिमात तिचं पोट बिघडून ती हॉस्पिटलमध्ये होती, १६ तारखेचा शो गेला, १७ ला उभी राहून गायली. ते आमच्याकडे नाहीये. पुढे चला.

[संध्याकाळ. गर्दी. मोबाईलवरचे शॉट, हलणारे]

हे सगळे प्रेक्षकांनी काढलेले तुकडे आहेत, त्यामुळे हात हलतोय, माफ करा. ती स्टेजच्या मागून येत नाही. ती प्रेक्षकांतून येते. याला म्हणतात 'कामिनाता', लांडगिणीची चाल. मागच्या टोकाला दार उघडतं, चंदेरी कपडे, बरोबर तिचे नाचणारे आणि चाहत्यांचा घोळका, आणि ती चालत निघते, धावत नाही, हात हलवत नाही, नुसती चालते. आणि डोळ्यांवर, बघा, काळा चष्मा. स्टायलिस्टने दिला असेल, मला माहितीये. तरी मी तो शॉट तिथेच फ्रीज केलाय.

इथे गर्दीकडे बघा. रिओच्या क्लिपमध्ये लोक मोबाईल वर धरून उभे आहेत. इथे आज्या आहेत. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून नाचणारी ही आजी, मनगटावर चमकणारा पट्टा, कंट्रोल रूममधून सिग्नल आला की अख्खं स्टेडियम एकदम लाल नाहीतर निळं होतं. आजीचा पट्टा बिघडलाय, तो एकटाच पांढरा आहे आणि तिला त्याचं काहीच नाहीये. गाण्यात बारांकियाचं नाव आलं तेव्हा माईकची गरजच उरली नाही. ती स्टेजवरून कान पुढे करून उभी राहिली. पुढचं मी बोलत नाही, बघा तुम्ही.

[वीस सेकंद, निवेदन नाही]

दुसरा शो २१ ला झाला. २४ ला मेदेयीनला होता, तिथे उभारताना छपराच्या सांगाड्याचं नुकसान झालं, शो रद्द. नंतर चिलीत सांतियागोचं स्टेज नियमात बसलं नाही म्हणून तिथलेही पुढे ढकलले, मे महिन्यात बॉस्टन आणि वॉशिंग्टन तसेच गेले. बस, विमान, हॉटेलचे पैसे भरून आलेल्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मेक्सिको सिटीत मात्र मार्चमध्ये एकाच स्टेडियममध्ये सात रात्री.

[बारांकिया, ४ मार्च. रस्ता]

शेवटचे शॉट आमच्या आवडीचे. टूर कधीच पुढे निघून गेलीये, स्टेडियमच्या बाहेर लोखंडाचा एक तुकडा नाही. कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार आहे, आज होसेलितोची अंत्ययात्रा. होसेलितो म्हणजे कार्निव्हल स्वतः, चार दिवस दारू पिऊन नाचून मेलेला, त्याची तिरडी निघते आणि मागे त्याच्या विधवा छाती पिटत येतात. त्यातल्या कितीतरी विधवा पुरुष आहेत. काळा झगा, काळी ओढणी, दाढीवरून ओघळलेली लिपस्टिक. हा पोटवाला बाप्या बघा, रस्त्यात लोळून हंबरडा फोडतोय, दोन मित्र धरून उठवतायत आणि तो परत पडतोय. आणि त्याच्या बाजूने फुटपाथवर दोन पोरी चालल्यात, डोक्यावर अजून ते लांडग्याचे कान, हसून हसून त्यांची पुरेवाट झालीये, एकीने त्याला बर्फाच्या गोळ्याचा ग्लास पुढे केला. त्याने रडणं थांबवलं, दोन घोट घेतले, ग्लास परत दिला, आणि परत सुरू.