नव्या कार्पेटवरचे पट्टे

श्रोतेहो, नमस्कार.

नवंकोरं कार्पेट अंथरलं, खिडकीतून तिरपा उजेड आला, आणि त्यावर आडवे पट्टे उमटलेले दिसले, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. डाग म्हणावा तर डाग नाही, रंगही उडालेला नाही, तरी नजर तिथेच अडकते. वापरलेला माल गळ्यात मारला की काय, अशी शंका येते. बहुतेक वेळा ती खोटी ठरते.

कार्पेट कारखान्यातून निघतं ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, लव आतल्या बाजूला ठेवून. हा रोल चांगलाच जड. गोदामात तो आडवा पडून राहतो, वर आणखी रोल रचले जातात, ट्रकमध्येही तीच गत. सगळा भार खालच्या बाजूवर येतो. आणि ती खालची बाजू प्रत्येक वेढ्यात एकदा येते, म्हणून उलगडल्यावर पट्टे ठरावीक अंतराने दिसतात.

टेप घेऊन हे अंतर मोजून पाहा. रोल आतल्या बाजूला लहान होत जातो, त्यामुळे दर वेढ्याला अंतर कार्पेटच्या जाडीच्या साधारण सहापट कमी होतं. जाडी एक सेंटिमीटर असेल, तर जेमतेम सहा सेंटिमीटर. असा हिशेब जुळला तर दोष गुंडाळीचा. अंतर तंतोतंत सारखं असेल, तर मात्र यंत्राचा संशय घ्यायला जागा आहे.

गुंडाळीने दबलेली लव बरीचशी आपोआप, चालण्याने आणि व्हॅक्युमने उठते. घाई असेल तर वाफ द्या. वाफेची इस्त्री कार्पेटला टेकवायची नाही, चार बोटं वर धरायची. लव दमट व्हावी, भिजू नये. मग बोटांनी किंवा मऊ ब्रशने ती उलट दिशेला उचला आणि पूर्ण वाळेपर्यंत तिथे पाय ठेवू नका. लोकर आणि नायलॉन याला छान दाद देतात. पॉलिप्रॉपिलीन हट्टी, ते पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि १६५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून इस्त्री टेकली की लव चिकटलीच समजा. धागा कोणता हे लेबलवर असतं. तरीही आधी कोपऱ्यात करून पाहावं.

घडीचं प्रकरण वेगळं. जागा नाही म्हणून कुणी रोल मधोमध दुमडला असेल, तर पाठीचा थर मोडतो, आणि तिथे वाफेचा काही उपयोग नाही. कार्पेट उलटवून पाठीवर रेघ किंवा चीर आहे का, ते बसवण्याआधीच बघा. असेल तर फोटो काढा आणि लगेच विक्रेत्याला कळवा. कारागिराची सुरी फिरल्यावर माल परत घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही.