माइटचं औषध घालण्याआधी पिठीसाखर घ्या

नमस्कार मधपाळ मंडळी. आज पेटीत माइट, म्हणजे माशीच्या अंगाला चिकटणारे बारीक परजीवी, किती आहेत ते मोजू. ही बरणी बघा. झाकणाच्या जागी जाळी लावलीय. आत अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण 300, आणि दोन चमचे पिठीसाखर. माश्या पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) चौकटीवरून घ्यायच्या, पण त्या चौकटीवर राणी नाही ना, हे आधी नीट बघा. बरणी हळूहळू फिरवायची, दोन मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या ताटावर उलटी करून हलवायची, म्हणजे माइट साखरेसकट खाली पडतात. आता साखरेवर थोडं पाणी. हे तांबूस, चपटे ठिपके दिसले? चालतायत बघा. एक, दोन, तीन... अकरा. शेकडा साडेतीनच्या वर! शेकडा 3 दिसले की मी उपचार पुढे ढकलत नाही.

हा व्हरोआ माइट. गाईला गोचीड, तसा माशीला हा. पण वाढतो पोळ्यातल्या, मेणानं बंद झालेल्या अळीच्या घरात. घर बंद व्हायच्या जरा आधी मादी अळीजवळ शिरते, आत अंडी घालते आणि नव्या माशीबरोबर लेकी घेऊन बाहेर पडते. पंख चुरगळलेल्या माश्या पेटीपुढे सरपटताना दिसल्या, तर त्यानं पसरवलेला विषाणूही आत पोचलाय असं समजा.

आपली सातेरी मधमाशी याची जुनी यजमान. तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्याच घरात वाढतो, आणि ती अंगावरचे माइट झटकतेही. बाहेरून आणलेल्या मेलिफेरा माशीला हे तितकं जमत नाही, म्हणून आजचं बोलणं मेलिफेरावाल्यांसाठी.

मला सगळे विचारतात, औषध कुठलं? मी म्हणतो, माइट आत्ता कुठे आहे ते आधी सांगा. ऑक्झॅलिक अॅसिड फक्त माशीच्या अंगावरचे माइट मारतं, बंद घरात पोचत नाही. पेटी पिलाव्यानं भरलेली असताना ते घातलं, तर बहुतेक माइट आत सुरक्षित राहतात. म्हणून राणीला 24 दिवस पिंजऱ्यात ठेवायचं. तोवर सगळा पिलावा बाहेर पडतो आणि माइटला लपायला जागा उरत नाही. मग एक लिटर साखरपाण्यात 35 ग्रॅम ऑक्झॅलिक, दोन चौकटींमधल्या माश्यांवर 5 मिली, पूर्ण पेटीला 50 मिलीच्या वर नाही.

राणी कोंडायची नसेल तर नरांच्या घरांची चौकट द्या. व्हरोआला तीच जास्त आवडते. घरं बंद झाली की कापून काढा. मात्र तारीख पेटीवरच लिहा, विसरलात तर तुम्हीच माइट पोसलेत.

फॉर्मिक अॅसिडची वाफ बंद घरातही शिरते. पण पारा तिशीच्या वर गेला की राणी दगावू शकते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात नकोच. आणि ‘नैसर्गिक’ शब्दावर विसंबू नका. ऑक्झॅलिक पालकात असतं, फॉर्मिक मुंगीत, तरी दोन्ही कातडी जाळतात. रबरी हातमोजे आणि गॉगल हवेतच.

फ्लुव्हॅलिनेट या माइट मारणाऱ्या औषधाच्या पट्ट्या मी शेवटी वापरतो. मुदत संपूनही पट्टी पेटीत राहिली, की औषधाला पुरून उरलेलेच माइट वाढतात आणि अंश मेणात साठत जातो. मध काढायचा असेल त्या काळात तर पट्टी नाहीच.

दोन आठवड्यांनी हीच पेटी उघडू आणि हीच बरणी परत फिरवू.