पडदे, ब्लाइंड्स टाकताय? आधी सुटे तर करा!

नमस्कार मंडळी! दसरा झाला, आता घराघरात साफसफाई निघालीय, आणि आपल्या मुंबईत हल्ली साफसफाईच्या जोडीला शिफ्टिंग पण असतंच ना, कुणाची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, कुणाला टॉवरमधला फ्लॅट मिळालाय, आणि नवीन घराच्या खिडक्या काही जुन्या पडद्यांच्या मापाच्या नसतात. तिकडे पाच फुटी पडदा पुरायचा, इकडे पार जमिनीपर्यंत काच. मग पडदे, रोलर, ब्लाइंड्स सगळं एकत्र गुंडाळून जिन्याखाली ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ते कचऱ्याच्या गाडीत जातं. मला ते बघवत नाही हो, खरंच सांगते, कारण त्यातलं बहुतेक सगळं कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाचं असतं.

अडतं कुठे माहितीय का, आपण ते जसंच्या तसं देतो तिथे. भंगारवाल्याला अख्खा ब्लाइंड दिलात तर तो उलटापालटा करून बघतो आणि बाजूला ठेवतो, कारण त्यात ॲल्युमिनियम आहे, लोखंड आहे, दोऱ्या आहेत, प्लास्टिकची बुचं आहेत, सगळी खिचडी, आणि ती सोडवत बसायला त्याला वेळ नाही. तेच तुम्ही सुटं करून दिलंत की तो लगेच वजनकाटा काढतो.

आणि सुटं करणं अजिबात अवघड नाही. आडव्या पट्ट्यांचा जो ब्लाइंड असतो ना, त्याची सगळ्यात खालची जाड पट्टी उलटी करा. तिथे छोटी गोल बुचं दिसतील, ती स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचका, आत दोरीची गाठ असते, ती गाठ कापा आणि वरून दोरी ओढून घ्या. झालं! पट्ट्या एकेक करून हातात येतात. मग फ्रिजवरचं मॅग्नेट आणा आणि लावून बघा. पट्ट्यांना चिकटत नसेल आणि पट्ट्या पत्र्यासारख्या थंडगार लागत असतील तर ते ॲल्युमिनियम, वरच्या पेटीला बहुतेक वेळा चिकटेल कारण ती लोखंडाची असते. दोन वेगळे गठ्ठे करा. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून नवीन बनवायच्या मानाने साधारण 95 टक्के वीज-इंधन वाचतं मंडळी, आणि ते वितळवून विटा पाडणारे लोक आपल्या धारावीतच आहेत, लांब कुठे जायला नको. चार-पाच पट्ट्या मात्र घरी ठेवा, कात्रीने कापून टोक करा, त्यावर साध्या पेन्सिलीने रोपाचं नाव लिहा आणि कुंडीत खोचा. पेनाची शाई पावसात जाते, पेन्सिल टिकते.

पट्ट्या प्लास्टिकच्या असतील तर जरा सांभाळून. 1996 साली अमेरिकेत सरकारी तपासणीत बाहेरून आलेल्या व्हिनाइलच्या, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या ब्लाइंड्समध्ये शिसं सापडलं होतं, उन्हाने प्लास्टिक खराब होतं आणि शिशाची धूळ पृष्ठभागावर येते, मग लहान मुलं हात लावतात आणि तोच हात तोंडात. म्हणून खूप जुने, पिठूळ झालेले प्लास्टिकचे ब्लाइंड कुणाला वापरायला देऊ नका, मुलांच्या क्राफ्टला तर नाहीच नाही, ओल्या फडक्याने पुसून सरळ सुक्या कचऱ्यात वेगळे बांधून द्या. आणि वॉचमनकाकांना सांगून ठेवा, थंडीत शेकोटीत ते टाकू नका, पीव्हीसी जळलं की जो धूर निघतो तो विषारी असतो.

दोऱ्यांचं तर मी हात जोडून सांगते. ब्लाइंडच्या लोंबणाऱ्या दोरीच्या फासात लहान मुलांचे जीव गेलेत, परदेशात त्यावरून नियम बदलले. तेव्हा काढलेली दोरी अख्खी ठेवू नका, वीतभर तुकडे करा, वेल बांधायला छान होतात. आणि चांगला ब्लाइंड कुणाला देत असाल, त्यांच्या घरात बाळ असेल, तर दोरी वर बांधून ठेवायला आवर्जून सांगा.

आता कापडी पडदे. आधी ओळखा कापड कोणतं ते. शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा काढा, शिवणीचा दोरा नको, चिमट्यात धरा, सिंकवर नेऊन पेटवा. कागदासारखा जळून राख झाली तर कॉटन, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मग पडदा दोन हातांनी ताणून बघा, खिडकीकडची बाजू उन्हाने विरलेली असते, टरकन फाटते, पण वरच्या चुण्या आणि खालची दुमड उसवलीत तर आतलं कापड नव्यासारखं निघतं, रंगसुद्धा तसाच! कॉटनची गोधडी करा, उश्यांचे अभ्रे करा, अगदीच विरलं असेल तर फडकी आणि पायपुसणी. पॉलिस्टर पाणी पीत नाही त्यामुळे पुसायला निरुपयोगी, पण बाजाराच्या पिशव्यांना एक नंबर, भाजीचं वजन आरामात पेलतं, सात फुटी पडद्यातून किती पिशव्या निघतात ते टेलर मांडून दाखवतो. उजेड पार अडवणाऱ्या ब्लॅकआउटच्या पडद्याला मागे थर असतो, तो पापुद्र्यासारखा सुटायला लागला असेल तर माळ्यावरच्या सामानावर टाकायला ठेवा, अंगाखाली नको.

उभ्या ब्लाइंडच्या कापडी पट्ट्या मला फार आवडतात, कारण त्या मखराला मस्त लागतात. 2018 मध्ये राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून घरोघरी कापडाची मखरं होतातच, त्यात या पट्ट्या आधीच एका मापाच्या, कडक, खाली वजन घातलेल्या, नुसत्या रांगेत लावल्या की मागची भिंत तयार. फक्त समई लांब ठेवा, पॉलिस्टर आहे ते. बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा असेल तर त्याच्या काड्या कुंडीत आधाराला लावा, बास.

घरात काहीच करायचं नसेल तर धुवून द्या. गूंज नावाची संस्था आहे, 1999 साली सुरू झालेली, ती वापरलेलं कापड गावांपर्यंत पोचवते आणि कॉटनपासून सॅनिटरी पॅड बनवते. पण देताना रिंगा, हुक काढा, कुणाच्या हाताला लागायला नको.

आणि एक, टेलरकडे आत्ता जाऊ नका हां, दिवाळीच्या तोंडावर तो पडद्याला हातही लावणार नाही. दिवाळी झाली की द्या. तोवर धुवून ठेवा, आणि पावसाळ्याचा कुबट वास राहिला असेल तर घडी घालण्याआधी दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवा. चला, नमस्कार!