पंगतीला कोण बसणार?

(दृश्य: संग्रहालयातली शिळा. अक्षरांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा.)

इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात चुनखडीची एक शिळा आहे. तिच्यावर ग्रीक भाषेत सात ओळी कोरल्या आहेत. मजकूर असा, की मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत कुणाही परक्याने पाऊल टाकू नये. सापडला, तर आपल्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. १८७१ साली ही शिळा जेरुसलेममध्ये सापडली. हेरोद राजाने वाढवलेल्या या यहुदी मंदिराच्या बाहेरच्या अंगणात ग्रीक, सीरियन, रोमन, कुणीही फिरू शकत असे. कठड्यापाशी मात्र थांबायचं.

येशूचे पहिले अनुयायी याच मंदिरात प्रार्थनेला जात. ते सगळे यहुदी होते. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारी शब्बाथ, म्हणजे कामाला सुट्टी देऊन पाळायचा पवित्र दिवस, काय खायचं आणि काय नाही याचे नेम, हे सारं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. हे नेम म्हणजे कोता हट्ट नव्हता. इसवी सनापूर्वी १६७च्या सुमारास अंतियोखस या ग्रीक राजाने सुंतेवर बंदी घातली, तेव्हा या खुणेसाठी लोकांनी जीव दिले होते. आपल्याकडे रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल यहुदींचे तेलघाणे शनिवारी बंद असत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. परक्या मुलखात शतकानुशतकं त्यांची ओळख टिकली ती याच नेमांमुळे. म्हणून पुढची गोष्ट ऐकताना एक ध्यानात ठेवायला हवं: परक्यांना आपल्या पंगतीला घ्यायचं की नाही, हा वाद यहुदी आणि इतर यांच्यातला नव्हता. तो एकाच घरातल्या भावंडांचा होता.

(दृश्य: यापोचं जुनं बंदर. दुपारचं ऊन. सपाट धाब्याची घरं.)

यापो. समुद्राला लागून एक घर, कातडी कमावणाऱ्या शिमोनाचं. मेलेल्या जनावरांची कातडी, त्यांचा तो दर्प. येशूचा शिष्य पेत्र या घरी उतरलाय. म्हणजे एक उंबरठा त्याने आधीच ओलांडलाय, पण त्याच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही.

भर दुपारी तो धाब्यावर प्रार्थनेला जातो. भूक लागलेली असते, खाली स्वयंपाक चाललेला असतो. तेवढ्यात त्याला दर्शन होतं: आकाशातून एक मोठी चादर उतरते आहे आणि तिच्यात नाना तऱ्हेचे प्राणी आहेत, सरपटणारे, उडणारे, कधीच न खाल्लेले. आवाज येतो, मार आणि खा. पेत्र नाही म्हणतो. असं तीनदा होतं. देवाने जे शुद्ध केलं, त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस, एवढंच उत्तर.

तो कोड्यात पडलेला असतानाच खाली दाराशी तीन माणसं येऊन उभी राहतात. त्यांना पाठवलंय कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीने, कैसरीयाहून.

कैसरीया म्हणजे हेरोदाने उभारलेलं रोमी थाटाचं बंदर. इटलीहून ज्वालामुखीची राख आणून तिच्या चुन्याने समुद्रात धक्के बांधलेले. इथेच रोमन राज्यपालाचं ठाणं. यहुदी माणसाच्या मनात या शहराचं नाव राज्यकर्त्यांच्या नावाला जोडलेलं.

पेत्र श्रद्धेतल्या सहा भावंडांना सोबत घेऊन तिथे पोचतो. कर्नेल्याने नातेवाईक, मित्र, सगळे गोळा केलेत. तो पेत्राच्या पायाच पडतो. पेत्र त्याला उठवतो आणि म्हणतो, ऊठ, मीसुद्धा माणूसच आहे.

या साऱ्या कथेत मला हे वाक्य सर्वांत मोठं वाटतं. देव पक्षपात करत नाही, हे पेत्र पुढे सांगतोच. पण आधी त्याने एका सैनिकाला हाताला धरून उभं केलं.

त्या घरातल्यांचा बाप्तिस्मा होतो. पेत्र काही दिवस तिथेच राहतो. जेरुसलेमला परतल्यावर त्याला जाब विचारला जातो, आणि तोही कसला? 'बाप्तिस्मा का दिलास' असं कुणी विचारत नाही. तू सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, हा आरोप. रोटीव्यवहार! उपदेश कुणालाही करता येतो, पण पंगत तशी नसते.

(दृश्य: ओरोंतेस नदी. अंताक्या शहर, २०२३च्या भूकंपानंतरचं.)

पंगतीचा हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो अंत्युखियात. आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या, ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपाने जमीनदोस्त झालेलं. तेव्हा ते रोम आणि अलेक्झांड्रियानंतरचं साम्राज्यातलं मोठं शहर होतं. जेरुसलेममधल्या छळामुळे पांगलेल्या काही जणांनी, सायप्रस आणि कुरेनेच्या माणसांनी, इथे ग्रीकांनाच सुवार्ता सांगायला सुरुवात केली. त्या अनामिकांना कुणी पाठवलं नव्हतं. त्यांचं एकही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. 'ख्रिस्ती' हा शब्द पहिल्यांदा याच गावात उच्चारला गेला.

इथल्या मंडळीचे पुढारी तरी कोण? सायप्रसचा बर्णबा. 'काळा' म्हणून ओळखला जाणारा शिमोन. उत्तर आफ्रिकेतल्या कुरेनेचा लूक्य. हेरोदाच्या राजघराण्यात वाढलेला मनाएन. आणि तार्ससचा शौल, म्हणजेच प्रेषित पौल.

मग प्रश्न आला: सुंता केल्याशिवाय तारण नाही का? इसवी सन ४९च्या सुमारास जेरुसलेममध्ये बैठक बसली. पौल आपल्याबरोबर तीत नावाच्या ग्रीक तरुणाला घेऊन गेला, सुंता न झालेल्या. त्याच्यावर सक्ती झाली नाही. येशूचा भाऊ याकोब याने निर्णय दिला: परराष्ट्रीयांना त्रास देऊ नये. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं जनावर आणि व्यभिचार, एवढं टाळावं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पौलाचं गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, लिहिलेलं पत्र पुढचं सांगतं. पेत्र अंत्युखियात आला, ग्रीकांबरोबर जेवू लागला. मग याकोबाकडून काही माणसं आली आणि पेत्र पंगतीतून हळूच मागे सरला. चादर पाहिलेला पेत्र! त्याच्या मागोमाग बर्णबाही उठला. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत, तोंडावर विरोध केला.

कर्नेल्याची गोष्ट सांगणाऱ्या, बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात या भांडणाचा उल्लेखही नाही. ते आपल्याला कळतं, कारण पौल रागाच्या भरात ते लिहून गेला. त्या पंगतीतून उठलेल्यांचा विचार पुष्कळांनी केला. मला मात्र बसून राहिलेले ग्रीक दिसतात, अर्धवट जेवलेले, समोरची जागा रिकामी झालेली. त्याच पत्रात पौल लिहितो, की आता यहुदी नाही, ग्रीक नाही. दास नाही, स्वतंत्र नाही. पुरुष आणि स्त्री नाही. ख्रिस्तात तुम्ही सगळे एक आहात.

(दृश्य: पुन्हा ती शिळा.)

काही वर्षांनी पौल जेरुसलेमच्या मंदिरात दिसला. शहरात इफिसचा त्रफिम त्याच्याबरोबर होता, एक ग्रीक. पौलाने त्याला कठड्याच्या आत नेलं, अशी आवई उठली. लोकांनी पौलाला ओढत बाहेर काढलं आणि लगेच दारं लावून घेतली. रोमन शिपायांनी त्याला गर्दीतून सोडवलं आणि घोडेस्वारांच्या पहाऱ्यात कैसरीयाला नेलं. दोन वर्षं तो तिथे कैदेत होता, ज्या गावात पेत्राने कर्नेल्याचा उंबरठा ओलांडला होता, त्याच गावात. मित्रांनी त्याला भेटावं, हवं-नको पाहावं, याला मनाई नव्हती.