स्पॅमची वही

नमस्कार, श्रोतेहो.

डिचोलीला माझ्या घरी संगणकाशेजारी एक दोनशे पानी वही असते. रात्री जेवणं आटोपली की मी स्पॅमचा फोल्डर उघडतो आणि दिवसभरात आलेले नको ते ईमेल त्या वहीत मांडतो. कोणाच्या नावाने आला, मागतोय काय, सोबत फाईल कसली. जीमेल हा कचरा 30 दिवसांनी पुसून टाकतं, म्हणून वही.

हा उपद्रव जुनाच. 3 मे 1978 रोजी अमेरिकेत गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना एकदम पाठवली. पुढे तीस वर्षांत दर दहा ईमेलमागे आठ-नऊ स्पॅम, अशी गत झाली. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मकोलो या, इतरांचे सर्व्हर भाड्याने चालवणाऱ्या होस्टिंग कंपनीचं इंटरनेट तोडलं, आणि जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. चोरून ताब्यात घेतलेल्या असंख्य घरगुती संगणकांना हुकूम सोडणारे सर्व्हर तिथेच होते. काही महिन्यांत चोरांनी दुसरं घर शोधलं.

आज प्रमाण जवळपास निम्म्यावर आहे. तरी मला काळजी वाटते, कारण नेम सुधारलाय. पूर्वी लॉटरी, औषधं, मोडकंतोडकं इंग्रजी. आता आपलं नाव घालून, स्वच्छ मराठीत येतो. कधी आत फक्त क्यूआर कोडचं चित्र असतं, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या फिल्टरच्या हाती काही लागू नये.

गेल्या चवथीच्या आधी शेजारचा मुलगा धावत आला. "काका, बोटीवर लागलो!" क्रूझवर वेटरची नोकरी, नेमणूकपत्र, शिक्का, सही, सगळं होतं. वैद्यकीय तपासणीचे पैसे मात्र संध्याकाळपर्यंत भरायचे. आईने चवथीच्या बाजारातले पैसे बाजूला काढलेही होते. गोव्यात बोटीवरची नोकरी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मी ईमेलचा पत्ता मोठा करून पाहिला. कंपनीच्या नावातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते, लहान अक्षरांत ते 'एम'सारखेच दिसतात. वही चाळली, तर त्याच आठवड्यात बोटीच्या नोकरीचे चार ईमेल मलाही आलेले, निवृत्त मास्तराला! पेरणी सरसकट होती, उगवणार होतं त्या माउलीच्या घरी.

म्हणून असा ईमेल नुसता डिलीट करू नका, 'रिपोर्ट स्पॅम' दाबा. फिल्टर त्यातूनच शिकतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांना हजारामागे तीन तक्रारींची मर्यादा घातली आहे, तेव्हा तुमचं एक बटणही मोजलं जातं. पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका, त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लावा.

तो मुलगा आता संशय आला की ईमेल आधी मला दाखवतो. कालचा वीजबिलाचा होता. वहीत नवा रकाना आखलाय.