सुपातून बाजूला पडलेला दाणा

हे हात बघा जरा. सोलापुरातल्या एका बोळातलं घर, सकाळची वेळ, आणि मावशी दारातल्या उजेडात सूप घेऊन बसल्यात. शेंगदाण्यातून बोटं फिरतायत, मध्येच थांबतात, एक दाणा उचलून बाजूला. सुरकुतलेला, कडेला हिरवट काळी झाक. दुसरा वरून बरा दिसतो, पण साल काढलं की आत पिवळा पडलेला.

"एक खवट दाणा आला तर अख्खा घास थुंकावा लागतो बघ," मावशी म्हणतात.

आपल्या शेंगाचटणीची सगळी मजा कुटण्यात आहे, भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, आणि कुटता कुटता दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं, मग कडक भाकरीसोबत दुसरं काही लागतच नाही. पण मी आज निवडण्यावरच थांबणारे, कारण मावशी चवीसाठी करतात ते काम खरं तर त्याहून खूप मोठं आहे.

त्या हिरवट बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये १ लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ते पहिल्यांदा सापडलं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. आणि भाजलं म्हणून ते पूर्ण जात नाही, हे नीट लक्षात ठेवा.

काढणीच्या आधी पावसानं ताण दिला की भुईमुगाला जमिनीतच लागण होते, मग शेंग नीट न वाळवता पोत्यात भरली की ती वाढत जाते.

कायदा आहे. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू, पाकिटावरचा १४ आकडी नंबर त्याचाच. पुढं प्रक्रिया करायच्या शेंगदाण्यात किलोमागं १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा, म्हणजे अख्ख्या टनात फक्त १५ मिलिग्रॅम! आता अडचण अशी की विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, मोजक्याच दाण्यांत साठलेलं असतं, त्यामुळं एक ओंजळ तपासली तर पास आणि शेजारची नापास असं होऊ शकतं. म्हणून मला हे सूप लॅबइतकंच महत्त्वाचं वाटतं. डोळ्याला सगळं दिसत नाही हे मान्य, पण निवडल्यानं विष बरंच कमी होतं.

आता बाजूला पडलेल्या दाण्यांकडं या. दाराआड पोतं आहे, अर्धं भरलेलं. मी विचारलं, मावशी, याचं काय करता?

"एक जण येतो, किलोवर घेऊन जातो. पेंडीला चालतं म्हणतो."

पेंड म्हणजे जनावराचं खाणं. गाय-म्हैस ती खाते आणि तेच विष थोडं रूप बदलून दुधात उतरतं. २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. भेसळ निघाली १२ नमुन्यांत, आणि अफ्लाटॉक्सिन मर्यादेच्या वर निघालं ३६८ नमुन्यांत! आपण भेसळ भेसळ म्हणून ओरडतो, ओरडायलाच पाहिजे, पण हे ३६८ कुणाच्या तोंडी नाही. आणि सगळ्यात जास्त दूध आपण लहान पोरांना पाजतो.

त्यात या कायद्यातल्या 'अन्न' शब्दाच्या व्याख्येत जनावराचं खाद्य येतच नाही. म्हणजे दाणा सुपात आहे तोवर कायद्यात, सुपाबाहेर पडला की कायद्याबाहेर, आणि दूध होऊन परत कायद्यात! मधल्या वाटेवर कडक नजर पाहिजे, आणि तिचा भार एकट्या मावशींवर टाकून चालणार नाही, पोत्याचे चार पैसे त्यांनाही लागतात.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"आमच्या नातीचं दूध गल्लीतल्या गोठ्यातूनच येतंय की रे," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि त्या पोत्याचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलं.